मुलाला लावायच्या रक्तपिशव्या: कोणती कामाची, कोणती उगाच

रक्तपेढीच्या खिडकीतून वॉर्डातल्या मुलासाठी जे काही येतं, त्याला घरचे सगळे एकच शब्द वापरतात: 'रक्त'. प्रत्यक्षात त्या चार-पाच अगदी वेगळ्या वस्तू आहेत. तांबड्या पेशींची पिशवी, जिला वॉर्डात अजून 'पीसीव्ही' किंवा पॅक्ड सेल्स म्हणतात, प्लेटलेट्स, एफएफपी म्हणजे गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग), क्रायो म्हणजे प्लाझ्मातून काढलेला, रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनोजन प्रथिनाचा अर्क, आणि क्वचित संपूर्ण रक्त. प्रत्येकीचं काम वेगळं, साठवण वेगळी, मात्रा वेगळी, धोकेही वेगळे. हा आढावा त्या वस्तूंचा आणि त्या मुलापर्यंत पोचवणाऱ्या सेवेचा आहे. आई-वडिलांनी वाचावा, निवासी डॉक्टरांनी वाचावा, सिस्टरांनी तर जरूर वाचावा. आमचं मत आधीच सांगतो: पिशवी बहुतेक वेळा चांगलीच असते, चूक मागणीच्या फॉर्मवर होते. रिपोर्टातला आकडा बघून रक्त मागवलं जातं, मुलाकडे बघून नाही.

तांबड्या पेशी

सगळ्यात जास्त वापरली जाणारी आणि योग्य जागी वापरली तर सगळ्यात गुणी वस्तू हीच. दात्याकडून ३५० किंवा ४५० मिली रक्त घेतात, त्यातला प्लाझ्मा बाजूला काढतात आणि उरलेल्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात. रक्त गोठू न देणाऱ्या नुसत्या सीपीडीए द्रावणात त्या ३५ दिवस टिकतात, सॅगम हे पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस. सॅगमची पिशवी पातळ असते आणि नळीतून सहज वाहते. सीपीडीएची दाट असते, २४ नंबरच्या बारीक कॅन्युलातून ती रडतखडत जाते.

कधी लावावी? अतिदक्षता विभागातल्या पण स्थिर असलेल्या मुलांवर झालेली 'ट्रिपिक्यू' चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. ६३७ मुलं होती. एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त, दुसऱ्याला ९.५ च्या खाली गेलं की लगेच. अवयव निकामी होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत १२ टक्के, म्हणजे काडीचाही फरक नाही; पण पहिल्या गटात रक्त ४४ टक्क्यांनी कमी लागलं आणि निम्म्याहून जास्त मुलांना एक थेंबही द्यावा लागला नाही. त्यानंतर २०१८ मध्ये 'टॅक्सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञगटाने जी चौकट घालून दिली, ती आजही सगळ्यात व्यवहार्य आहे. गंभीर आजारी मुलात हिमोग्लोबिन ५ च्या खाली असेल तर रक्त द्या. ५ ते ७ च्या मधे मुलाची अवस्था बघून ठरवा. ७ किंवा वर असेल आणि रक्तदाब, श्वास स्थिर असेल, तर देऊ नका.

ही चौकट सगळ्यांना लागू नाही, आणि ते तितकंच ठळकपणे सांगायला हवं. वाहतं रक्त, शॉक, निळ्या पडणाऱ्या मुलांचे हृदयरोग, मेंदूला झालेली इजा, थॅलेसेमिया, मुदतपूर्व जन्मलेली बाळं यांचे नियम वेगळे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला ७ ची वाट बघत बसवणं म्हणजे त्याची वाढ खुंटवणं. त्याचं रक्त लावण्याआधीचं हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ च्या दरम्यान ठेवायचं असतं, त्यासाठी दर दोन ते पाच आठवड्यांनी पिशवी लागते.

उलट टोकाला आहे लोहाच्या कमतरतेचा साधा पांडुरोग. दीड-दोन वर्षांचं मूल, दिवसभर बाटलीने दूध, वरचं खाणं नावापुरतं, हिमोग्लोबिन ५.५, पण खेळतंय, श्वास शांत, यकृत वाढलेलं नाही. अशा मुलाला पिशवी लावून आकडा दोन दिवसांत सुधारतो आणि घरचे खूश होतात. पण त्याला हवं असतं लोहाचं औषध: दर किलोला रोज ३ ते ६ मिलिग्रॅम, दुधाबरोबर नाही, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही दोन-तीन महिने. आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशी) वाढलेले दिसतात, महिन्याभरात हिमोग्लोबिन चांगलं चढतं. इथे रक्ताची पिशवी ही औषधाच्या बाटलीची जागा घेते आणि ती जागा तिची नाही.

आफ्रिकेतल्या 'ट्रॅक्ट' चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला आणि तो आपल्या ग्रामीण रुग्णालयांनीही वाचावा असा आहे. युगांडा आणि मलावीमधल्या, हिमोग्लोबिन ४ ते ६ असलेल्या पण धाप, शुद्ध हरपणं असली लक्षणं नसलेल्या मुलांत लगेच रक्त देणं आणि लक्ष ठेवून थांबणं यांत मृत्यूचं प्रमाण लक्षणीय वेगळं निघालं नाही. मात्र थांबलेल्या गटातल्या जवळपास निम्म्या मुलांना पुढे रक्त द्यावंच लागलं. म्हणजे थांबायचं तर हिमोग्लोबिन पुन्हापुन्हा तपासायची सोय हवी आणि रक्त हाताशी हवं. ज्या केंद्रातून रक्तपेढी तीन तासांवर आहे, तिथे 'थांबू या' हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

आता मात्रा. प्रौढांच्या वॉर्डात 'एक पीसीव्ही लावा' हा आदेश चालून जातो, मुलांच्या वॉर्डात तोच आदेश जीवावर बेतू शकतो. मुलांसाठी मागणी मिलीमध्येच लिहायची. नेहमीची मात्रा दर किलोला १० ते १५ मिली. नेमकं काढायचं तर वजन गुणिले हवी असलेली वाढ गुणिले ४. पिशवी फार दाट असेल तर ४ च्या जागी ३, पातळ असेल तर ५. बारा किलोचं मूल आहे, न्यूमोनियाने धापतंय, हिमोग्लोबिन ५ वरून ७.५ वर न्यायचं आहे: १२ गुणिले २.५ गुणिले ४, म्हणजे १२० मिली. वेग ताशी दर किलोला ५ मिलीपेक्षा जास्त नको, म्हणून ताशी ६० मिली, दोन तास. बीटी सेटचे (रक्त लावायच्या जाळीवाल्या नळीचे) २० थेंब म्हणजे १ मिली, तेव्हा मिनिटाला २० थेंब. हा हिशोब केसपेपरवर लिहिलेला असावा. सिस्टरने अंदाजाने रोलर फिरवायचा नाही.

जुनाट, हळूहळू उतरत गेलेल्या पांडुरोगात, हिमोग्लोबिन ३-४ असताना, हृदय आधीच थकलेलं असतं. तिथे जुना आणि भरवशाचा नियम असा: जितकं हिमोग्लोबिन तितकेच मिली दर किलोला, तीन ते चार तासांत, मग थांबून, तपासून पुढची मात्रा. घाई केली की फुप्फुसांत पाणी भरतं. अतितीव्र कुपोषित मुलाचं हृदय त्याहून नाजूक. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे: हिमोग्लोबिन ४ च्या खाली, किंवा ४ ते ६ आणि सोबत धाप, तरच रक्त, दर किलोला १० मिली, तीन तासांत, सुरुवातीला फ्युरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दर किलोला १ मिलिग्रॅम. हृदय थकल्याची लक्षणं असतील तर फक्त ५ ते ७ मिली, तेही पॅक्ड सेल्स. हे पहिल्या २४ तासांतच. त्यानंतर आकडा पडलेला दिसला तरी कुपोषणाच्या उपचारात तो पडतोच, त्यावर रक्त देत बसायचं नाही. मेळघाट, नंदुरबारकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत हा कागद भिंतीवर चिकटवलेला असला तर फार बरं.

सिकलसेलची मुलं विदर्भात आणि नंदुरबारकडे मोठ्या संख्येने दिसतात, त्यांच्याबाबत दोन चुका सर्रास होतात. पहिली, नुसत्या वेदनेच्या झटक्यात रक्त लावणं. वेदनेवर वेदनाशामक आणि पुरेसं पाणी, रक्त नाही. दुसरी, हिमोग्लोबिन १० च्या वर नेणं. सिकल पेशींचं रक्त आधीच दाट. ते आणखी दाट झालं की मेंदूकडचा प्रवाह अडतो. प्लीहेत एकाएकी रक्त साठून मूल फिकं पडलं तर रक्त तातडीने हवं, पण थोडं थोडं, कारण प्लीहा नंतर साठवलेलं रक्त परत सोडते आणि आकडा अपेक्षेपेक्षा वर जातो.

'ताजं रक्त द्या हो' ही विनवणी रक्तपेढीच्या खिडकीवर रोज ऐकू येते. गंभीर आजारी मुलांत ७ दिवसांच्या आतलं रक्त आणि नेहमीच्या साठ्यातलं रक्त यांची तुलना करणारी 'एबीसी-पिक्यू' चाचणी २०१९ मध्ये आली. दीड हजारांवर मुलं होती आणि ताज्या रक्ताचा काही फायदा निघाला नाही. ताजं रक्त खरंच लागतं ते नवजात बाळाचं रक्त बदलताना किंवा लहान बाळाला खूप मोठी मात्रा वेगाने देताना, कारण जुन्या पिशवीत पोटॅशियम वाढलेलं असतं. थॅलेसेमियाच्या मुलांना दोन आठवड्यांच्या आतली पिशवी मिळाली तर ती जास्त दिवस पुरते, म्हणून त्यांची मागणीही रास्त. बाकीच्यांनी तारीख बघावी ती मुदत संपलेली नाही ना, एवढ्यासाठीच.

प्लेटलेट्स

पावसाळा संपता संपता पुण्या-मुंबईतल्या रक्तपेढ्यांत ज्या वस्तूसाठी झुंबड उडते ती ही. आणि दुरुपयोगात तिचा नंबर वरचा. डेंग्यू झालेल्या मुलाच्या प्लेटलेट्स ताप उतरायच्या सुमाराला, चौथ्या ते सहाव्या दिवशी, सगळ्यात खाली जातात आणि मग आपोआप चढतात. ४०,००० चा रिपोर्ट बघून घरचे घाबरतात, शहरभर दाते शोधतात, आणि तेवढ्यात त्या चढायला लागलेल्याच असतात. श्रेय मात्र पिशवीला मिळतं. डेंग्यूत बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स फार काळ टिकत नाहीत, कारण ज्या कारणाने मुलाच्या स्वतःच्या नष्ट होतात त्याच कारणाने त्याही होतात.

डेंग्यूत मुलाला खरा धोका असतो तो केशवाहिन्यांतून झिरपणाऱ्या पाण्याचा. तेव्हा बघायचं ते हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा), लघवी, नाडी, हातापायांचा गारठा आणि पोटदुखी. हिमॅटोक्रिट २० टक्क्यांनी वाढलं तर ती घंटा प्लेटलेट्सच्या आकड्यापेक्षा मोठी. उलट मूल शॉकमध्ये आहे आणि हिमॅटोक्रिट खाली येतंय, तर आत कुठेतरी रक्त वाहतंय असं धरून चालायचं. तिथे हवं असतं दर किलोला ५ ते १० मिली पॅक्ड सेल्स किंवा १० ते २० मिली संपूर्ण रक्त. प्लेटलेट्स लावायच्या त्या ठळक रक्तस्राव होत असेल तर, किंवा आकडा १०,००० च्या खाली गेल्यावर विचार करून. बरं होण्याच्या टप्प्यात झिरपलेलं पाणी रक्तात परत येत असतं. त्यात चार-सहा पिशव्यांची भर टाकली तर डेंग्यूतून वाचलेलं मूल फुप्फुसातल्या पाण्याने अत्यवस्थ होऊ शकतं.

रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांत केमोथेरपीनंतर रक्तपेशी बनवणारी हाडांतली मज्जा बंद असते, तिथे १०,००० च्या खाली प्रतिबंधक म्हणून प्लेटलेट्स देणं योग्यच. शस्त्रक्रियेसाठी साधारण ५०,००० हव्यात, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी १ लाखाच्या आसपास. आयटीपीमध्ये, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारतं त्या आजारात, ५,००० आकडा असला तरी जीवघेणा रक्तस्राव नसेल तर पिशवी लावू नये. ती वाया जाते.

मुदतपूर्व बाळांबद्दल २०१९ ची 'प्लॅनेट-२' चाचणी डोळे उघडणारी आहे. ६६० बाळं. ५०,००० च्या खाली गेलं की प्लेटलेट्स मिळालेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के, आणि २५,००० पर्यंत थांबलेल्या गटात १९ टक्के. जास्त देऊन जास्त नुकसान झालं. इतका स्पष्ट निकाल हातात असताना स्थिर बाळाला ४५,००० वर पिशवी लावण्याचं समर्थन आम्हाला करता येत नाही.

खरेदीच्या दृष्टीने दोन प्रकार. आरडीपी म्हणजे एका रक्तदानातून निघालेली ५० ते ७० मिलीची पिशवी; एसडीपी म्हणजे यंत्रावर एकाच दात्याकडून घेतलेली २०० ते ३०० मिलीची. मुलाची मात्रा दर किलोला १० ते १५ मिली, किंवा दर १० किलोला एक आरडीपी. म्हणजे ८-१० किलोच्या बाळाला एक-दोन आरडीपी पुरतात, आणि महागड्या एसडीपीचा अर्धाअधिक भाग टाकून द्यावा लागतो. मोठ्या मुलाला, किंवा वारंवार प्लेटलेट्स लागणाऱ्या कर्करोगाच्या मुलाला एसडीपी सरस, कारण चार-सहा दात्यांऐवजी एकाशीच संबंध येतो.

साठवणीत चूक हमखास इथेच होते. प्लेटलेट्स २०ते २४ अंशांना, सतत हलवत ठेवतात आणि ५ दिवसांतच वापरतात. नातेवाईक मात्र त्या बर्फाच्या डब्यात घालून धावत आणतात. गार झालेल्या प्लेटलेट्स शरीरात गेल्यावर लगेच नष्ट होतात. साध्या पिशवीत, ऊन लागू न देता आणायच्या आणि वॉर्डात आल्यावर फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत, लगेच लावायच्या. अर्ध्या ते एक तासात संपवायच्या. तांबड्या पेशींना बर्फाचा डबा हवाच, पण बर्फ पिशवीला थेट टेकू द्यायचा नाही, नाहीतर पेशी फुटतात.

एफएफपी: आमची सगळ्यात मोठी तक्रार

ही वस्तू वाईट नाही, पण मुलांच्या वॉर्डात ती ज्या कारणांसाठी लावली जाते त्यातली बरीच कारणं चुकीची असतात. सूज आहे, प्रथिनं कमी आहेत, लावा एफएफपी. जंतुसंसर्ग आहे, 'ताकद' येईल, लावा. डेंग्यूत रक्तदाब कमी, लावा. पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) थोडासा लांबलाय, रक्त कुठेही वाहत नाही, तरी लावा. यांपैकी एकही कारण धरून चालणारं नाही. पाणी भरायचं असेल तर सलाइन आहे. व्हिटॅमिन केची कमतरता असेल तर व्हिटॅमिन के आहे. थोड्याशा वाढलेल्या आयएनआरवर (पीटीवरून काढलेल्या आकड्यावर) प्लाझ्मा जवळपास काहीच परिणाम करत नाही, कारण प्लाझ्माचाच आयएनआर त्याच्या जवळपास असतो. पदरात पडतं ते अ‍ॅलर्जी, फुप्फुसाला होणारी इजा आणि पाण्याचा भार.

योग्य जागा मोजक्या: रक्तस्राव होतोय आणि गोठण्याचे अनेक घटक एकदम कमी आहेत, डीआयसीत (शरीरभर गुठळ्या होऊन गोठण्याचे घटक संपतात त्या अवस्थेत) रक्त वाहतंय, प्रचंड रक्तस्रावात तांबड्या पेशींच्या जोडीने, आणि ज्या घटकाचं तयार औषध मिळत नाही अशी जन्मजात कमतरता. मात्रा दर किलोला १० ते २० मिली. ५ मिली देणं म्हणजे धोका पूर्ण आणि उपयोग शून्य. पिशवी ३७ अंशांच्या नियंत्रित पाण्यात वितळवायची, गिझरच्या नळाखाली नाही. वेगाने दिली तर त्यातल्या सायट्रेटमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनामुळे) बाळाचं कॅल्शियम उतरतं, हातपाय थरथरतात. ते लक्षात ठेवावं. हिमोफिलियाच्या मुलाला एफएफपी लावणं आता माफ करण्यासारखं नाही. त्याला त्याचा घटकच हवा आणि सरकारी हिमोफिलिया केंद्रांतून तो मिळतो.

क्रायोबद्दल थोडक्यात: १५-२० मिलीची इवलीशी पिशवी, फायब्रिनोजनने भरलेली. फायब्रिनोजन खूप कमी आणि रक्त वाहतंय, तर हीच. मात्रा दर ५ ते १० किलोला एक पिशवी. वितळल्यावर ६ तासांत वापरायची. लहान आकारात मोठं काम करणारी, पण क्वचितच आठवण होणारी वस्तू.

नवजात बाळांसाठी पेडी-पॅक

आमच्या मते या सगळ्या यादीतली सगळ्यात चांगली सेवा ही, आणि सगळ्यात कमी मागितली जाणारीही हीच. एका दात्याच्या पिशवीतून निर्जंतुक जोडणी यंत्राने तीन-चार छोट्या पिशव्या वेगळ्या करतात. हजार ग्रॅमच्या बाळाला एका वेळी लागतात १५ मिली. दर वेळी नवी पिशवी फोडली तर महिन्याभरात चार-पाच दाते आणि तितकेच धोके. पेडी-पॅकमध्ये एकाच दात्याच्या छोट्या पिशव्या त्या बाळासाठी राखून ठेवता येतात. बंद पद्धतीने जोडल्यामुळे मूळ मुदतही कायम राहते. पिशवीला सुई खुपसून सिरिंजने रक्त काढलं की ती उघडी झाली. मग २४ तासांत वापरायची किंवा टाकायची. आपल्या रक्तपेढीत हे जोडणी यंत्र आहे का आणि छोट्या पिशवीला शुल्क कसं लावतात, हे अतिदक्षता विभागाने एकदाच विचारून ठेवावं.

कमी वजनाच्या बाळांसाठी उंबरठे वयाप्रमाणे आणि श्वासाच्या आधाराप्रमाणे उतरत जातात. २०२० च्या 'टॉप' चाचणीतल्या कमी गटाचे आकडे वापरायला सोयीचे आहेत: आधार असताना पहिल्या आठवड्यात ११, दुसऱ्यात १०, पुढे ८.५, आधार नसताना १०, ८.५ आणि ७. दोन वर्षांच्या सुमाराला तपासलं तेव्हा जास्त रक्त मिळालेली मुलं पुढे नव्हती.

या बाळांचं रक्त जातं कुठे, तर बहुतांशी प्रयोगशाळेत. हजार ग्रॅमच्या बाळात एकूण रक्त ८५-९० मिली. 'रुटीन' म्हणून रोज ५ मिली काढलं तर आठवड्याभरात त्याच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्त नळ्यांत गेलं. लहान नळ्या, एकत्रित नमुने आणि नको त्या तपासण्या बंद, एवढ्याने पिशव्या वाचतात. जन्मताच नाळ अर्धा ते एक मिनिट उशिरा कापली तरी फरक पडतो.

जादा सोयी: फिल्टर आणि किरण

पांढऱ्या पेशी काढून टाकलेली पिशवी थॅलेसेमियाच्या, कर्करोगाच्या आणि नवजात बाळांसाठी आग्रहाने मागावी. ताप, थंडी कमी, सीएमव्ही विषाणूचा धोका कमी, पुढे प्लेटलेट्स निकामी ठरण्याची शक्यता कमी. हे गाळणं रक्तपेढीत, साठवण्याआधी झालेलं उत्तम. खाटेशेजारी लावायचा फिल्टर दुय्यम, कारण साठवणीच्या काळात पांढऱ्या पेशींनी सोडलेली ताप आणणारी द्रव्यं तोवर पिशवीत मिसळलेली असतात. शिवाय फिल्टरमध्ये थोडं रक्त अडकून राहतं, लहान मात्रेत ते जाणवतं.

किरणोत्सर्ग दिलेलं रक्त हे फिल्टरपेक्षा वेगळं, एकाची जागा दुसरं घेत नाही. दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी बाळाच्या शरीरात रुजून त्यावरच हल्ला करतात, तो जवळपास नेहमीच मारक ठरणारा आजार यामुळे टळतो. गर्भातच रक्त दिलेली बाळं, जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली मुलं, मज्जारोपण झालेली मुलं यांना ते हवंच. आणि इथे एक गोष्ट घरच्यांना कळकळीने सांगायची आहे: आई, वडील, काका, मामा यांचं रक्त त्याच मुलाला थेट देणं हे प्रेमाचं असलं तरी सुरक्षित नाही. पेशींची ठेवण मिळतीजुळती असल्याने मुलाचं शरीर त्या परक्या पेशी ओळखत नाही आणि हा धोका वाढतो. काकांनी रक्तदान जरूर करावं, पण ते दुसऱ्या कोणासाठी जाऊ द्यावं. नवी मुंबईतल्या वाशीची बीआरआयटी ही सरकारी संस्था या कामाचं यंत्र बनवते, तरीही सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच आहे; लागणार असेल तर आधी दोन दिवस बोलून ठेवा. किरण दिल्यावर पोटॅशियम भराभर वाढतं, म्हणून नवजात बाळाला ते रक्त २४ तासांत लावायचं.

खर्च

रक्त विकलं जात नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घेता येतं. औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये हे पुन्हा बजावलं. राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या दरांनुसार खासगी आणि धर्मादाय रक्तपेढ्यांना तांबड्या पेशींसाठी जास्तीत जास्त १,५५० रुपये, प्लाझ्मा किंवा आरडीपीसाठी ४०० आणि क्रायोसाठी २५० रुपये घेता येतात. नॅट तपासणी (विषाणूंचा जनुकीय शोध), फिल्टर यांचे वेगळे. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या मुलांना रक्त मोफत द्यायचं असतं. ओळखपत्र जवळ ठेवा. 'ई-रक्तकोष' संकेतस्थळावर जिल्ह्यातला साठा दिसतो. सेवा उपयोगी आहे, पण निघण्याआधी फोन करून खात्री करावी.

खाटेशेजारी काय बिघडतं

सगळ्यात भयंकर चूक म्हणजे चुकीच्या मुलाला चुकीचं रक्त, आणि ती बहुधा नमुना घेतानाच होते. नवजात विभागात सगळ्यांची नावं 'बेबी ऑफ सुनीता', 'बेबी ऑफ संगीता'. जुळ्यांत तर आईही एकच. म्हणून नोंदणी क्रमांक आणि मनगटपट्टी यांशिवाय नमुना घ्यायचा नाही, नळीवर लेबल खाटेशेजारीच लावायचं, आधीच लेबल लावलेल्या नळ्या ट्रेमध्ये घेऊन फिरायचं नाही. लावताना दोघांनी मिळून पट्टी, पिशवी आणि क्रॉसमॅचचा (रक्त जुळल्याच्या तपासणीचा) कागद मोठ्याने वाचायचा.

दुसरी चूक नळीची. साध्या पेडिया ड्रिप सेटमध्ये १७० ते २०० मायक्रॉनची जाळी नसते. रक्तासाठी बीटी सेटच लागतो, किंवा जाळीतून सिरिंजमध्ये घेऊन सिरिंज पंप. त्याच नळीत रिंगर लॅक्टेट नको, त्यातल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात; ५ टक्के डेक्स्ट्रोज नको, पेशी फुटतात. फक्त नॉर्मल सलाइन. तांबड्या पेशी फ्रिजबाहेर आल्यापासून अर्ध्या तासात सुरू आणि ४ तासांत संपलेल्या हव्यात. उरलेलं रक्त 'रात्रीसाठी' वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे जंतूंची शेती. गरम पाण्यात पिशवी बुडवणं, काखेत धरणं, हीटरजवळ टांगणं हे सगळं बंद. नेहमीच्या वेगाला रक्त गरम करावंच लागत नाही.

नाडी, ताप, श्वास, रक्तदाब सुरू करण्याआधी, १५ मिनिटांनी आणि मग दर अर्ध्या तासाने लिहायचे. पहिली १५ मिनिटं कोणीतरी शेजारी हवंच. लहान मूल 'कंबर दुखते' असं सांगणार नाही. ते चिडचिड करेल, फिकं पडेल, लघवी लाल होईल. ताप १ अंशाने वाढून ३८ वर गेला, पुरळ उठली, धाप लागली, तर आधी नळी बंद. कॅन्युला काढायची नाही, नवा सेट लावून सलाइन सुरू ठेवायचं. मुलाची पट्टी आणि पिशवी पुन्हा ताडून बघायची, रक्ताचे नमुने आणि लघवी पाठवायची, उरलेली पिशवी सेटसह रक्तपेढीकडे. धापेसोबत रक्तदाब वाढलेला असेल तर पाण्याचा भार झालाय, फ्युरोसेमाइड द्या. अशा प्रत्येक घटनेची नोंद डिसेंबर २०१२ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमाच्या फॉर्मवर करता येते. हा फॉर्म रक्तपेढीकडे मिळतो, आणि तो भरल्याने कोणावर ठपका येत नाही.

पिशवी संपल्यावर हिमोग्लोबिन पुन्हा बघायचं, मगच दुसरी मागवायची. आणि डिस्चार्ज कार्डावर तारीख, घटक, मिली, रक्तगट आणि काही त्रास झाला असेल तर तो लिहून घ्यावा. थॅलेसेमियाच्या मुलाच्या वडिलांकडे अशी वही असेल, तर पुढच्या रक्तपेढीला अँटिबॉडीचा शोध शून्यापासून घ्यावा लागत नाही.